मोटरहोममध्ये हवेचा कॉम्प्रेसर ठेवावा का, आणि ठेवायचा तर कोणता?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. फिनिक्समधल्या एका मराठी जोडप्याने फोर्ड ई-४५० च्या चासीवरची २८ फुटी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं मध्यम आकाराचं फिरतं घर) सेकंडहँड घेतली आहे. पुढे दोन टायर, मागे दोन्ही बाजूंना जोडटायर, असे एकूण सहा. जूनमध्ये मुलाबाळांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन यलोस्टोनला जायचंय. ते विचारतात, "कॉम्प्रेसर सोबत बाळगायची खरंच गरज आहे का? वाटेत गॅस स्टेशनं आहेत, पंक्चर झालं तर रोडसाइड सर्व्हिस घेतलेली आहे. आणि ठेवायचाच असेल तर कारसाठी घेतलेला हातात मावणारा बॅटरीवाला पंप आमच्याकडे आहे, तो चालेल ना?"

कॉम्प्रेसर ठेवाच. आणि तो छोटा पंप कारमध्येच राहू द्या, या गाडीला तो पुरणार नाही.

आता कारण सांगतो. बहुतेक जण कॉम्प्रेसर पंक्चरसाठी घेतात आणि पंक्चर झालं नाही की तो वर्षभर डिकीत पडून राहतो. पंक्चर झालेल्या जड गाडीच्या टायरमध्ये रस्त्याकडेला हवा भरून पुढे जाणं हे त्याचं काम नाहीच. त्याचं काम आहे पहाटे, गाडी रात्रभर एका जागी उभी असताना, टायर गार असताना, कमी पडलेली हवा तिथल्या तिथे पुरी करणं. तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा छापलेला आहे तो गार टायरचा आहे. गार म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, आणि उन्हात तापलेली नको. टायर चालून गरम झाला की आतला दाब दहा ते वीस टक्के सहज वाढतो.

आता गॅस स्टेशनचं बघा. कॅम्पमधून निघालात, ४० मैलांवर हवा मिळाली. गेज लावलं, ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, हे हवेच्या दाबाचं माप) दाखवतंय. तुम्ही म्हणाल, समजा स्टिकरवरही ८० च आहे, म्हणजे ठीक आहे. पण तो टायर तापलेला आहे. सकाळी तो ७० वरच होता आणि ४० मैल तुम्ही कमी हवेवर आलात. हवा जिथे मिळते तिथे पोचेपर्यंत मोजायची वेळ टळलेली असते. शिवाय गॅस स्टेशनवरचे बरेचसे पंप कारचे ३५ पीएसआय डोळ्यापुढे ठेवून बसवलेले असतात, ६० च्या पुढे ते नुसते घरघरतात. पाइप आखूड, त्यात २८ फुटी गाडी त्या कोपऱ्यात वळवायची म्हणजे आणखी एक संकट. पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज यांच्या ट्रक स्टॉपवर जोरदार हवा मिळू शकते, पण टायर तिथेही गरमच पोचतो.

नाइलाजाने तिथेच भरायची वेळ आली तर एक रीत आहे. कॅम्पमध्ये गार टायर मोजून किती कमी आहे ते लिहून ठेवा. समजा ५ कमी आहे. ट्रक स्टॉपवर तोच टायर गरम असताना जो आकडा येईल त्यात ५ मिळवा आणि तिथवर भरा. गरम टायर ८० वर आणून ठेवू नका. आणि गरम टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा कधीच सोडू नका. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

पाच-दहा पीएसआयने एवढं काय बिघडतं, हेही तुमच्या गाडीचे आकडे घेऊनच सांगतो. ई-४५० ला सहसा एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई (जड वजन पेलणाऱ्या वर्गाचे) हे टायर असतात. ८० पीएसआयला असा टायर एकटा असेल तर २,६८० पाउंड पेलतो आणि जोडीत असेल तर २,४७०. मागे चार आहेत, म्हणजे ९,८८० पाउंड. तुमच्या मागच्या अॅक्सलची मर्यादा साडेनऊ हजारांच्या आसपास आहे. पाण्याची टाकी भरलेली, आईंनी महिनाभराचं पीठ-तांदूळ सोबत घेतलेलं, सायकली मागच्या रॅकवर, की तुम्ही त्या मर्यादेला टेकलात. कारच्या टायरमध्ये वजनाच्या हिशेबाने बरीच उसंत असते, इथे ती जवळजवळ नाही. म्हणून हवा कमी म्हणजे सरळ ओव्हरलोड. बाजूची भिंत दर फेऱ्यात जास्त वाकते, तापते, आणि तापून तापून एक दिवस सुटते.

निघण्याआधी एकदा सामानासकट, माणसांसकट कॅट स्केलवर गाडी तोलून घ्या. ट्रक स्टॉपवर हे काटे असतात, पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मग टायर कंपनीच्या तक्त्यात बघून आकडा ठरवा. तोवर दाराचा स्टिकर प्रमाण माना.

यलोस्टोनला जाताना तुम्हाला एक गोष्ट नक्की दिसणार आहे, तिने घाबरू नका. फिनिक्समध्ये जूनच्या सकाळी ८५ अंश फॅरनहाइटला तुम्ही मागचे टायर ८० ला भरले. तीन दिवसांनी यलोस्टोन लेकजवळ फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये (मोटरहोम मुक्कामाला उभ्या करायच्या जागेत) पहाटे ३५ अंशांत गेज लावाल तर ते ७४-७५ दाखवेल. एक थेंबही हवा गळालेली नसताना! या दाबाच्या टायरला दर १० अंश फॅरनहाइटमागे पावणेदोन पीएसआयच्या आसपास फरक पडतो. खरं तर तो ७१ दाखवायला हवा होता, पण ते ठिकाण पावणेआठ हजार फुटांवर आहे, बाहेरची हवा विरळ, म्हणून गेज सुमारे तीन पीएसआय जास्त सांगतं. आणि तुम्ही फिनिक्समध्ये दुकानातून भर दुपारी १०५ अंशांत हवा भरून निघाला असाल तर तिथे पहाटे ७१ च दिसेल. म्हणजे टायर, वॉल (हवा भरायची तोटी), सगळं ठणठणीत असताना तुम्ही नऊ पीएसआय कमीवर उभे. तिथे पहाटे, टायर गार असताना हवा भरायला तुमचा स्वतःचा कॉम्प्रेसर लागतो.

आता कोणता घ्यायचा. माझ्या मते तुमच्यासाठी दोनच रस्ते आहेत.

पहिला, १२ व्होल्टचा, बॅटरीला चिमटे लावून चालणारा चांगला कॉम्प्रेसर. खोक्यावर "१५० पीएसआय" लिहिलेलं असतं, पण तो आकडा म्हणजे त्याचा शेवटचा श्वास. जेवढी हवा भरायची त्याच्यापेक्षा निदान ३०-४० पीएसआय जास्त क्षमतेचा घ्यावा, म्हणजे तो तुमच्या आकड्याला पोचताना धापा टाकत नाही. दुसरं बघायचं ते ड्यूटी सायकल. ३३ टक्के लिहिलं असेल तर अर्ध्या तासात तो दहा मिनिटं चालणार आणि वीस मिनिटं थंड होत बसणार. व्हायएअर कंपनीचा ४००पी याच जातीचा आहे: १५० पीएसआय, १०० पीएसआयला ३३ टक्के, आणि ३० अँपिअरपर्यंत करंट ओढतो. तुमच्या टायरसाठी तेवढा पुरतो. तुमच्या एका टायरमध्ये साधारण ५० लिटर जागा आहे. ८ पीएसआय वाढवायला बाहेरची सुमारे २७ लिटर हवा आत ढकलावी लागते. मिनिटाला ३० लिटर देणारा कॉम्प्रेसर हे काम मिनिटभरात करतो, सहा टायर धरले तरी दहा मिनिटांत उरकतं. हातातला छोटा पंप ७५ पीएसआयच्या विरुद्ध मिनिटाला तीन-चार लिटरच ढकलू शकला, तर एका टायरला सात-आठ मिनिटं लागतील, दुसऱ्या टायरला तो तापेल आणि तिसऱ्याला बंद पडेल. म्हणून सुरुवातीलाच नको म्हटलं.

३० अँपिअर हा आकडा लक्षात ठेवा. डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये असला कॉम्प्रेसर कधी लावायचा नाही. तिथला फ्यूज १५-२० अँपिअरचा असतो, तो उडेल, आणि नुसता उडाला तर नशीब समजा. चिमटे सरळ इंजिनाच्या बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा, म्हणजे व्होल्टेज टिकतं आणि बॅटरी उतरत नाही. बॅटरी पुढे, मागची चाकं पंधरा-अठरा फूट मागे. मग लोक वायर लांबवतात. तसं करू नका. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर दमते, वायर गरम होते. लांबवायचा तो हवेचा पाइप. बॅटरीजवळ कॉम्प्रेसर, आणि दोन्ही बाजूंच्या मागच्या चाकांपर्यंत पोचेल असा ४०-५० फूट पाइप. दोन तुकड्यांत असला तर आवरायला सोपं. पाइप लांब झाला म्हणून टायरमध्ये शेवटी कमी दाब बसत नाही. फक्त हवा वाहत असताना कॉम्प्रेसरवरचं गेज जास्त दाखवतं, म्हणून थांबून मोजायचं.

दुसरा रस्ता म्हणजे सुतारकामाचा पॅनकेक कॉम्प्रेसर, चपट्या टाकीचा, घरातल्या १२० व्होल्टवर चालणारा. सहा गॅलनची टाकी, १५० पीएसआय. पोर्टर-केबलचा या मापाचा कॉम्प्रेसर इकडे खूप गॅरेजांमध्ये दिसतो. किमतीत परवडतो, हवा भरपूर, तुमच्या गाडीचा जनरेटर ४,००० वॉटचा असेल तर त्यावर चालतो, पार्कमधल्या ३० अँपिअरच्या जोडणीवरही चालतो. फक्त त्या वेळी एसी आणि मायक्रोवेव्ह बंद ठेवा, कारण सुरू होताना तो मोठा झटका घेतो. अडचणी दोन. जागा खातो, आणि आवाज असा की आजूबाजूच्या दहा गाड्या जाग्या होतील. पार्कमधली शांततेची वेळ संपेपर्यंत थांबावं लागतं. काम झालं की टाकीखालचा नळ उघडून पाणी काढून टाका, नाहीतर टाकी आतून गंजते.

मी स्वतः १२ व्होल्टचाच वापरतो. तुमच्याकडे सहाजण आणि त्यांचं सामान आहे, जागेचा विचार करता तुम्हीही तोच घ्या.

कॉम्प्रेसर घेतला, पण आतल्या टायरपर्यंत पोचता आलं नाही तर तो निरुपयोगी. या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याची किंमत मी मोजली आहे.

माझ्या वडिलांचे कराडला दोन ट्रक होते. सुट्टीत मी क्लीनरसोबत बसायचो. दर थांब्यावर तो उतरायचा आणि टॉमीने (लोखंडी दांड्याने) एकेक टायर ठोकत गाडीभोवती फिरायचा. ठण्ण आवाज आला की बरोबर, भद्द आला की हवा कमी. ती सवय मी इकडे घेऊन आलो. २०१४ सालची गोष्ट. नेवाडातून हायवे ५० ने चाललो होतो. या रस्त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हणतात, ते खरंच आहे. सकाळी एलीला निघताना मी सहाही टायर ठोकून पाहिले. सगळ्यांचा आवाज मला सारखाच वाटला. एली ते युरेका सत्तर-ऐंशी मैल, मधे वस्ती नाही म्हटलं तरी चालेल. अर्ध्यात आल्यावर उजवीकडचा बाहेरचा टायर फुटला. पट्ट्यासारखा उलगडलेला ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा थर) चाकाच्या कोनाड्यात फिरला आणि त्याने वरचा पत्रा फाडला, सांडपाण्याच्या टाकीचा पाइप तोडला. गाडीत बायको आणि दोन मुलं होती. गाडी सरळ राहिली, सगळे सुखरूप उतरलो.

मग मी गाडीखाली वाकून पाहिलं. फुटलेला टायर निर्दोष होता. आतल्या टायरमध्ये हवाच नव्हती. शेजारी भरलेला टायर वजन उचलत होता म्हणून आतला बसलेला दिसला नाही, आणि टॉमीला कळलाही नाही. दोघांचं ओझं एकट्याने वाहून बाहेरचा मेला. आतल्याच्या वॉलला एका दुकानाने लवचीक, जाळीचं वेष्टण असलेली एक्स्टेन्शन नळी बसवली होती, म्हणजे हवा भरायला सोपं पडावं. ती नळी चाकाच्या भोकाच्या कडेला घासत होती. साबणाचं पाणी लावलं तर जाळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. तेवढीच गळती. रात्रभरात तिने काय केलं असेल ते कुठलंही गेज मला पहाटे सांगू शकलं असतं.

तेव्हापासून मी ठोकून बघत नाही, मोजतो. तुमच्या गाडीला तसल्या लवचीक नळ्या असतील तर प्रवासाआधी काढून टाका आणि अखंड धातूचे लांब, वळणदार वॉल बसवून घ्या. टायरच्या दुकानात हे काम एका दुपारी होतं. हत्यारं दोन लागतील: ट्रकचं दुतोंडी गेज, लांब दांडीचं, १५० पीएसआयपर्यंतचं, आणि तसंच दुतोंडी नोझल. एक तोंड सरळ आणि एक उलट्या दिशेचं, म्हणजे आतल्या टायरचा वॉल बाहेरच्या चाकाच्या भोकातून गाठता येतो. कारचं नोझल तिथे शिरत नाही. कॉम्प्रेसरवरच्या गेजवर भरवसा ठेवू नका. एकच चांगलं गेज ठेवा आणि सगळे टायर त्यानेच मोजा. वॉलवर बसणारे टीपीएमएसचे (टायरचा दाब सतत मोजणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर घेतलेत तर फारच उत्तम. सहाही टायरांचा आकडा समोर दिसतो आणि चालत्या गाडीत गळती सुरू झाली तर ओरडून सांगतो. पण ते धातूच्या वॉलवरच बसवा, रबरी वॉल त्या वजनाने हलून हलून चिरतो.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा. एखादा टायर ठरलेल्या आकड्याच्या ८० टक्के किंवा त्याहून खाली गेलेला असताना गाडी चालली असेल, म्हणजे तुमच्या बाबतीत ८० च्या जागी ६४ किंवा कमी, तर त्यात कॉम्प्रेसर लावायचा नाही. आतून त्याच्या भिंतीच्या तारा किंवा दोऱ्या तुटलेल्या असू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. हवा भरता भरता भिंत चेन उघडावी तशी फाटते. मोठ्या, पोलादी तारांच्या टायरमध्ये या फाटण्याने माणसं मेलेली आहेत. असा टायर उतरवून आतून तपासायला हवा, आणि ते दुकानातच, पिंजऱ्यात ठेवून भरायचं काम आहे. अशा वेळी रोडसाइड सर्व्हिस बोलवा, त्यासाठीच ती घेतली आहे. रोज पहाटेची दोन-पाच पीएसआयची भरतीसुद्धा चाकासमोर बसून करू नका, ट्रेडच्या बाजूला उभं राहून करा. चिमटीवालं, वॉलला आपोआप धरून राहणारं नोझल त्यासाठी बरं पडतं. हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, मुलं दूर.

सेकंडहँड गाडी आहे म्हणून आणखी एक. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांपुढच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आतल्या टायरवर हा आकडा आतल्या बाजूला असू शकतो, आडवं पडून टॉर्चने बघा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने संपतात. ट्रेड नव्यासारखा दिसतो आणि रबर वाळलेलं असतं. मिशलिन कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांत बदला असं सांगते. मी सात वर्षांत बदलतो. तुमचे त्याहून जुने निघाले तर कॉम्प्रेसरचे पैसे आधी टायरमध्ये घाला आणि कॉम्प्रेसर नंतर घ्या.

पुढेमागे तुम्ही मोठी, बससारखी डिझेलची क्लास ए मोटरहोम घेतलीत तर तिच्या एअर ब्रेकच्या टाकीतूनच हवा घेता येते. पण ती टाकी १२०-१३० पीएसआयला भरणं थांबवते, आणि तिचे टायर ११० च्या आसपास असतात, त्यामुळे शेवटचे पाच-सहा पीएसआय चढायला फार वेळ लागतो. त्या गाडीलाही वेगळा कॉम्प्रेसर ठेवणारे पुष्कळ आहेत.

ठेवायची जागा: प्रोपेनच्या कप्प्यात नको, आणि नुकताच चाललेला कॉम्प्रेसर गाद्या-कपड्यांना टेकवून ठेवू नका, त्याचं डोकं हात भाजेल इतकं तापतं. पाइपही त्या टोकाला गरम असतो. मी तो दाराजवळच्या बाहेरच्या कप्प्यात गेज, नोझल, वॉलची जादा टोपणं आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली यांच्यासोबत एकाच पेटीत ठेवतो. पहाटे अंधारात शोधाशोध नको.

परतीच्या वाटेवर हिशेब उलटा होतो. यलोस्टोनच्या थंडीत तुम्ही ८० भरून निघालात तर फिनिक्सला ८५ अंशांच्या सकाळी तोच टायर ८६ दाखवेल. वाटेत युटामध्ये उतरत्या रस्त्याने उन्हात चालताना टीपीएमएस ९५ च्या वर गेला तरी काही सोडू नका. मुक्कामाला पोचा, रात्रभर गाडी उभी राहू द्या, आणि सकाळी चहाआधी गार टायर मोजून मगच जादाची हवा काढा.